ओसरीतली सुगरणीची फांदी

बदनापूर, सोमवार, २००३. दिवेलागणीची वेळ.

जालन्याच्या सायबर कॅफेत बसून पाखरांची ती वेबसाइट बघत असतो, हे परवा जेवताना घरी वडिलांसमोर कशाला बोललो मी? सुगरण पक्षी घरटं कसं विणतो त्याचे फोटो आहेत, म्हणालो. पाखरांसाठी सावलीत पाण्याची वाटी ठेवा असं लिहिलंय, तेही सांगितलं. बापू खाली मान घालून जेवत होते. वाटलं, त्यांचं लक्षच नाही.

आज कामावरून आलो तर ओसरीच्या खुंटीला बाभळीची फांदी टांगलेली. आपल्याच विहिरीवरची. घरटी तशीच लोंबत होती. बापू घामाघूम, हातांवर काट्यांचे ओरखडे.

"तिकडं जालन्याला जाऊन काय बघून राह्यला? घरीच आणली तुझ्यासाठी. एक बी तुटू दिलं न्हाई."

एका घरट्यात बोटं घातली. अंडी होती. गार.

"आवडली का?"

"हो," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग हातपाय धुतले, चहा घेतला, पेपर चाळला. राग यायला हवा होता. निदान रडू तरी. काहीच येईना. बोटांना तो गारवा तेवढा अजून आहे.

हे लिहितोय तर बापू परत ओसरीत आले. फांदीखाली स्टूल ओढलं, त्यावर वाटी ठेवली, तांब्यातलं पाणी हळूच ओतलं.

"सावलीतच ठेवली बराबर," मला म्हणाले.

आता भिंतीला टेकून बसलेत. पाखरांची वाट बघत.