कुंकू लावलेली हार्ड डिस्क

प्रमोदिनी,

तुझ्या कॉम्प्युटरची बिघडलेली हार्ड डिस्क घेऊन मी धरमपेठेतल्या त्या दुकानात जाऊन आलो. काल त्यांनी तुला परत पाठवलं, ते मला आवडलं नव्हतं.

दुकानदार मलाही तेच म्हणाला, "काकाजी, दसऱ्याले मशीनची पूजा केली ना तुम्ही? कुंकू आत गेलं, त्याले आम्ही काय करणार?" मी तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, की डिस्क सीलबंद असते, कुंकवाचा कणही आत शिरत नाही. मला त्यातलं काही कळत नाही, पण आवाज बरा लागला. मग त्याच्याच टेबलावरचा कॉम्प्युटर दाखवला. त्याच्यावर आपल्यापेक्षा मोठं कुंकवाचं स्वस्तिक होतं.

तो नरमला. "तुम्ही इंजिनिअर आहा का जी?"

"नाही. तिचा बाप आहे."

पैसे परत घ्या किंवा नवीन डिस्क न्या, म्हणाला. पैसे परत घे, हे कॉम्प्युटरचं काम सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस, असं आठवडाभर मीच तुझ्या मागे लागलो होतो. तिथे तोंडातून निघालं, "नवीन द्या."

ती तुझ्या टेबलावर आहे. रिक्षात मांडीवर धरून आणली. तू जन्मलीस आणि तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

आता काटोलला जातो. जेवायला थांबू नका. चंपतरावांना सांगायचंय, की त्यांच्या संत्र्यांचा हिशेब कॉम्प्युटरवर तूच करणार. तिथे तुझ्याबद्दल थोडी बढाई मारेन. तू समोर असलीस की ते जमत नाही.

बाबा