सगुणाला लिहून दिलेला कागद

रवि., २३ मार्च
उपासनेनंतर पाळकीणबाईंनी यादी वाचली. लेंटमधल्या, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, घरसभांना प्रभूने ज्यांना धन्य म्हटलं त्या आठ जणांचे विषय असतात. एका घरी एक, एका बाईने दहा मिनिटं बोलायचं. शुद्ध अंतःकरण सगुणाला. मला शांती करणारे.

शुद्ध अंतःकरण दरवर्षी माझ्याकडे असतं. विषय म्हणतेय. शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आजी गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडली. आणि सगुणा वर्षापूर्वी इचलकरंजीहून आली, तिथला कारखाना बंद पडला म्हणून. चर्चमागच्या होस्टेलवर स्वयंपाक करते. वाचताना जोडाक्षर आलं की बोट ठेवून थांबते.

पा.बाई म्हणाल्या, "तिचं मन किती निर्मळ आहे हो, एस्तेरबाई." माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या.

घरी येऊन भात करपवला. हे म्हणाले, "लेंटात मटण न्हाई, ठीक हाय. भात तरी धड दे की."

बुध., २६ मार्च
माझं भाषण झालं. छान झालं असं चौघी म्हणाल्या, चौघीही पोह्यांच्या बशीकडे बघत. शेवटची प्रार्थना सगुणाने केली. तीन वाक्यं, त्यातलं एक धड पुरंही नाही. माझ्या शेजारची डोळे पुसत होती. तिनेच माझ्या भाषणात जांभई दिली होती. पाहिलंय मी.

शनि., २९ मार्च
दुपारी सगुणा दारात. "बाई, मला लिवून द्या की वो. वाचीन मी कसंतरी. पन काय बोलायचं त्येच सुचंना. तुमच्यावानी कुनाला येतंय हितं?"

हो म्हटलं. इतक्या गोड आवाजात म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

रवि., ३० मार्च
चार फुलस्केप पानं झाली. ह्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. "ह्ये तिला झेपायचं न्हाई. तुला तरी एका दमात झेपंल का?"

म्हटलं, विषयच खोल आहे. आहेच खोल. पण आधी मी ‘स्वच्छ’ लिहिलं होतं. ते खोडून ‘निष्कलंकत्व’ केलं. ‘सरळ’ खोडून ‘निष्कपटतापूर्वक’. खोडताना कळत होतं काय करतेय ते. मग सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं, म्हणजे खाडाखोड दिसायला नको.

गुरु., ३ एप्रिल
सभा आमच्याकडे. सतरंज्या घातल्या, पंखा पुसला, पाळकसाहेबांसाठी खुर्ची. स. कागद घेऊन उभी राहिली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. निष्क, निष्क, असं तीनदा. मागे कुणाची तरी मुलगी फिसकन हसली.

मला बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहून ठेवते, बरं वाटलं.

मग तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. "बाईंनी लई कष्टानं लिवलंय. पन माझी जीभ वळंना. माझ्या बोलीत सांगते. मी कारखान्यात कांड्या भरायची. मागाला लागतंय ते सूत कांडीवर गुंडाळायचं. एखाद्या कांडीत दुसरं सूत मिसळलं तर हातात कळत न्हाई, दोनी पांढरीच. कापड झालं की मग पट्टा दिसतोय. शुद्ध म्हंजे लई पांढरं न्हवं. एकच सूत. देवासंगं एक आन् माणसासंगं दुसरं, असं न्हाई."

आणि बसली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. हे चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे राहिलेले.

मी मराठीची बाई. एकतीस वर्षांत असं एक वाक्य मला सुचलं नाही. रागाने कपबश्या विसळल्या, एका कपाचा कान तुटला.

रवि., ६ एप्रिल
पवित्र गुरुवारच्या प्रभुभोजनाआधीची पापकबुलीची प्रार्थना यंदा सगुणा करणार. बावीस वर्षं मी करत आले. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हालाही जरा आराम." मी कधी म्हटलं होतं दमले म्हणून?

जळतेय मी. दुसरा शब्द नाही. आजीच्या वेळेपासूनचं आमचं घराणं, आणि ही काल आली.

रवि., १३ एप्रिल
झावळ्यांचा रविवार. नेहमीची सूचना: ज्यांचं कुणाशी बिनसलं असेल त्यांनी गुरुवारच्या आत घरी जाऊन समेट करावा, त्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये. आमच्या मंडळीत हे पाळतात. तीन दिवस लोक एकमेकांची दारं वाजवत फिरतात, जावा-जावा, भाऊ-भाऊ. मी कधी कुणाकडे जात नाही. माझं कुणाशी बिनसत नाही, असं आजवर सांगत आले.

मंगळ., १५ एप्रिल
स. आली. चप्पल बाहेर काढली, पण आत येईना. उंबऱ्यावरच उभी.

"बाई, माफी मागाय आलेय. तुमी कागद दिला तवा माझ्या मनात आलं, मला चारचौघांत येडं पाडाय असलं अवघड लिवलंय. तुमच्यासारक्या बाईबद्दल असलं मनात आनलं मी. आता भाकर कुठल्या तोंडानं घेऊ?"

काय बोलायला हवं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. दोनच वाक्यं होती.

म्हटलं, "जाऊ दे गं. माफ केलं मी."

तिने माझा हात कपाळाला लावला. "प्रार्थना करा की, बाई." केली. शब्द भराभर सुचले, चांगली झाली. हे आतल्या खोलीत ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

बुध., १६ एप्रिल
हे सकाळी म्हणाले, "जायचं असलं तर सांग, स्कूटर काढतो."
कुठे?
"तुला म्हाईत हाय."

कपाट आवरलं. दिवसभर एकच डोक्यात. समेटालासुद्धा तीच आधी आली. आणि मागितली ती माफी, माझं मन अगदी बरोबर ओळखल्याबद्दल.

गुरु., १७ एप्रिल
तिची प्रार्थना झाली. ऐकली नाही, छताकडे बघत होते. नंतर ती मुद्दाम माझ्याच बाकावर येऊन बसली. आमच्यात ताट हातोहात फिरतं, शेजारच्याने शेजारच्याला नाव घेऊन द्यायचं. तिने तुकडा घेतला, ताट माझ्यापुढे धरलं. "एस्तेरबाई, प्रभूनं तुमच्यासाठी दिलं."

मी ताट तसंच पुढे दिलं. प्यालाही. घेतलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण हात उचलेना.

तिने पाहिलं. तोंड एवढंसं झालं.

शुक्र., १८ एप्रिल
गुड फ्रायडे. दुपारच्या उपासनेनंतर पा.बाईंनी बाजूला घेतलं. "सगुणा कालपासून रडतेय. म्हणते, बाईंनी मला मनापासून माफ केलं नाही, माझ्यामुळे त्यांनी भाकर टाळली. काय झालंय तुमच्यात?"

"काही नाही."

काही नाही म्हणाले. गुड फ्रायडेला, चर्चच्या पायरीवर. ती बिचारी माझं पाप स्वतःचं समजून रडतेय आणि मी काही नाही म्हणाले. आजवर शुद्ध अंतःकरणावर एवढं बोलले, त्यातला एक शब्द कामी आला नाही.

शनि., १९ एप्रिल
ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा.

होस्टेलला सुट्टी, मुली घरी गेलेल्या. स. स्वयंपाकघरात एकटीच तांदूळ निवडत होती. मला बघून उठायला लागली. म्हटलं, बस. आणि उभ्यानेच सांगून टाकलं, "तुला वाटलं होतं तेच खरं. तू अडखळावीस म्हणून मी तसं लिहिलं. तू अडखळलीस तेव्हा मला आनंद झाला."

तिने ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग एवढंच म्हणाली, "आता जावा, बाई." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उद्या पहाटे इस्टरची उपासना. येईल का, माझ्या बाकावर बसेल का, माहीत नाही. बाहेर हे स्कूटर चालू ठेवूनच थांबले होते. घरी येताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की तिने माफ केलंच तर तेही माझ्यापेक्षा चांगलंच करील. आणि नाही केलं, तिलाही नाही जमलं, तर मी खूश होईन का? मनाला विचारलं. लगेच ‘नाही’ म्हणता आलं नाही.