आईचं फ्लॅनेलचं पोलकं

सातारा, डिसेंबर, गुरुवार संध्याकाळ

“वाकडी शिवण लगेच उसवायची, लाजायचं न्हाई,” माधवनगरच्या घरी मला शिवण शिकवताना आई म्हणायची. आता ती मला ओळखतही नाही. उसवणं तेवढं हातात राहिलंय. थंडीसाठी शिवलेलं फ्लॅनेलचं पोलकं आज उन्हात बसून तिनं पुन्हा उसवलं. शिवण सरळ होती.

“आवं बाई, कुनी शिवलंय हे? लय वाकडं हाय,” मलाच म्हणाली. आवं? पोटच्या लेकीला?

सरळच होती ना शिवण? उसवून उसवून कापड विरलंय, आता टाका धरत नाही. तिचे दंड गारठलेत. उद्या पुन्हा शिवेन. ऐकणार नाही, तरी विनवेन: आई, थंडी सरेपर्यंत एवढं अंगात राहू दे.