एफ ड्राइव्हची पाटी

प्रिय आचल,

पत्र पाहून घाबरू नको, अकोल्यात सगळे ठणठणीत आहेत. देवीदास तुले अन् पोरीले पाहाले येऊन राहिला, त्याच्याच हाती हे पाठवते. सोबत पुडकं आहे. ते आधी उघडू नको. नवऱ्याची पिशवी उचकायची तुले सवय आहे, म्हणून सांगून ठेवते. अक्षराले हसू नको. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर आजच एवढं लिहून राहिली.

दुकान जोरात आहे. भरतकामाची मशीन सकाळपासून खडखडून राहिली. तिचं सॉफ्टवेअर तुझ्या सासऱ्यावानी हेकट, डिझाइन फक्त एफ ड्राइव्हमध्येच शोधते. पहिले तिथं पेनड्राइव्ह होता, तो मेला. मग तू एक्सेलच्या शीटमध्ये मॅक्रोचं बटन करून दिलं. रांगेत फोल्डरचं नाव लिहा, बटन दाबा, की कॉम्प्युटरले वाटते एफ ड्राइव्ह आला. हे तू समजावत होती तवा मी मेथी निवडत होती. अर्धंच ऐकलं.

तेच भोवलं. एफमध्ये पाहिलं तं लग्नाची डिझाइनं, अन् लग्नाच्या फोल्डरमध्येबी तीच. एक वस्तू घरात दोनदा दिसली की माझं डोकं फिरते. नक्षीचे कागदाचे खाके होते तवा दुहेरी खाका मी सरळ चुलीत घालत होती. तसंच एफमधलं सगळं उडवलं. मग पाहते तं फोल्डरबी रिकामं. अन् इनायतुल्लाभाईच्या नाजियाचा लग्नाचा दुपट्टा मशीनवर ताणून तयार.

तवा तू अमरावतीले दवाखान्यात कळा देऊन राहिली होती. मले कोणी सांगितलं होतं? मी फोन लावला अन् म्हटलं, पोरी, डिझाइनं कुठं गेली? तू दोन कळांच्या मधात म्हणाली, आई, स्क्रीनवरची केराची टोपली उघडा, तिथून परत आणा. मग फोन तुझ्या आईनं हिसकला. गोदावरीबाई शाळेत मराठी शिकवतात, कधी शब्द वाकडा पडत नाही. त्या दिवशी म्हणाल्या, विहीणबाई, त्या मशीनले आग लावा अन् फोन ठेवा. खरं सांगू? तुमच्या लग्नापासून पहिल्यांदाच त्या मले आपल्या वाटल्या.

डिझाइनं टोपलीत सापडली. दुपट्टा वेळेवर गेला, नाजियाच्या आईनं, गजालाभाभीनं मिठाईचा डबा पाठवला, तो तुझ्या सासऱ्यानं पानठेल्यावर नातीचा फोटो दाखवत दाखवत संपवला. मले एक पेढा आला.

नंतर तू फोनवर सांगितलं तेच खरं ध्यानात राहिलं. एफ म्हणजे घर नाही, दारावरची पाटी आहे. पाट्या दोन असल्या तरी घर एकच. लाइट गेली की पाटी पडते, आली की बटन दाबून पुन्हा लावायची. अन् शीट उघडली की वर पिवळी पट्टी येते ते जाहिरात नाही, मॅक्रो चालू करू का म्हणून विचारते. मी तिले रोज फुली मारून हाकलत होती. आता हो म्हणते. इकडं लाइट किती वेळा जाते तुले माहीत आहे, हात बसला.

काल गोदावरीबाईंचा फोन होता. तू म्हणे पिशवी भरून ठेवली, बारसं झालं की अकोल्याले निघते. कावून, तं अकोल्याच्या आईंना मशीन जमत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू आई काय अडलं एवढंच विचारते, माझं ऐकतच नाही.

आता पुडकं उघड. झबलं आहे, गळ्याजवळ चिमण्या. नवं फोल्डर मी केलं, त्याचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर शोधून लिहिलं, नात. शीटच्या रांगेत तेच नाव घातलं, बटन दाबलं, एफ आला. झबलं उलटं करून पाह्य, मागं एक गाठ दिसली तं मले बोल. अन् हे करताना तुले फोन केला नाही, देवीदासलेबी विचारलं नाही. तवा पिशवी रिकामी कर. सव्वा महिना निजून राय, मनात आलं तं उन्हाळा काढून ये. मशीन कुठं पळून नाही जात.

बारशाले झबलं घालजो. मी येऊन राहिलीच.

तुझीच,
आई (अकोल्याची)