कान्हूने पुरलेली काळी माती

मी वासू अर्जुन वेळीप, वय साठीच्या पुढे, धंदा शेती, राहणार नंदिगड्डे, पेटा सुपे. पाय गेले, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून घेतो. लेखकाला माझ्या थोरल्या भावाने, कान्हूने, आपणहून बोलावून आणले. माझी बायको वारली, एकुलता मुलगा वारला, तेव्हा शेत आपल्यालाच मिळणार अशी त्याची खात्री. दुसरा साक्षीदार आणायला तो खालच्या वाडीत गेला आहे. तोवर खरे ते लिहून घ्यावे.

कलम पहिले. ओढ्याकाठचे खाचर मी माझी विधवा सून तुळजा हिला देतो. वाटणीच्या वेळी पंचांनी रीतीप्रमाणे दोन्ही जमिनींत हातभर खड्डा खणून तीच माती परत भरली. माती उरली तर जमीन कसदार, कमी पडली तर हलकी. या खाचरात टोपलीभर उरली. उरणारच! खड्ड्याची जागा कान्हूने दाखवली, आणि तिथे त्याने आधीच रानातली काळी माती आणून पुरली होती. पंचांनी कौतुकाने खाचर माझ्या गळ्यात घातले आणि खरी चांगली जमीन कान्हूला राहिली. पहिल्या नांगरटीलाच बाकी सगळा तांबडा मुरूम लागला. जिभेवर आंबट, मुठीत दाबला तर गोळा होईना, साचल्या पाण्यावर गंजाचा तवंग, गांडूळ औषधालाही नाही. जाब विचारला तर म्हणतो, "पंचांनी बघितलंय न्हवं? मग मला काय इचारतोस?" मेल्याला हसू आवरेना.

कलम दुसरे. त्या मुरमात तुळजेने डोक्यावरून शेण, राख, ओला पाला वाहिला. माझा मुलगा गेला तेव्हा कान्हूने तिला तोंडावर पांढऱ्या पायाची म्हटले. त्याच पायांनी तुडवलेला चिखल आज लोण्यासारखा आहे. कुठेही कुदळ घाला, गांडुळे वळवळतात. म्हणून तर कान्हूला ते हवे आहे. घर, बैलजोडी, नांगरही तुळजेचेच.

कलम तिसरे. कान्हूचे देणे ठेवून मला मरायचे नाही. त्याची काळी माती मिसळून गेली, तेव्हा बदली म्हणून माझ्या तेराव्याला तुळजेने बांधाकडचा मुरूम टोपलीभर त्याच्या अंगणात ओतावा आणि का ते चारचौघांत मोठ्याने सांगावे. तिला लाज वाटेल. वाटू दे, ओतावाच.

कान्हू आला. पुढचे लेखकाच्या कानात सांगतो. तो दारातूनच विचारतो, "माझं नाव घातलंस न्हवं रे?" मी म्हटले, "घातलं हाय दादा, लई येळा घातलं हाय."

साक्षीदाराने माझा अंगठा उठताना पाहिला म्हणजे पुरे, मजकूर त्याला ठाऊक असावा लागत नाही, असे लेखक म्हणतात. सबब वाचून दाखवला नाही.

मुक्काम नंदिगड्डे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८४१.

वासू अर्जुन वेळीप, निशाणी अंगठा.

साक्षीदार:
पुंडलिक लाडू गावडा, खालची वाडी, सही.
कान्हू अर्जुन वेळीप, निशाणी अंगठा. न मागताच पुढे केला.