साहेबाचा पणजोबा

अण्णा, मला तुमच्या साहेबाच्या पणजोबाचा हेवा वाटायचा. पणजोबा आपलं म्हणायला. खरं तर तो त्याहून कितीतरी जुना, त्यांच्या घराण्यातला अमेरिकेत उतरलेला पहिला माणूस. मरून शतकं लोटलेल्या माणसावर जळणारी अख्ख्या बहारीनमध्ये मी एकटीच असेन.

ऐंशी साल उजाडायचं होतं. तुम्ही कंपनीच्या सुतारखात्यात फोरमन, आणि तुमच्या अमेरिकन साहेबाला आपलं मूळ शोधायचं वेड. इंग्लंडातल्या चर्चना पत्रं धाडायचा, उत्तर आलं की तुम्हाला वाचून दाखवायचा. हूरा वस्तीतल्या आपल्या त्या खोलीत शुक्रवारची सुट्टी, आई बांगडे तळतेय, आणि तुम्ही जेवायला बसून रंगात येऊन सांगताय, की तो माणूस जहाजातून उतरला तेव्हा जवळ फक्त हत्यारं होती, तो लाकडी पिंपं करायचा, आणि साहेबाचं आडनाव म्हणजे त्यांच्या भाषेत पिंपं करणारा. "पाणी गळूचा नाय, असा पिंप," तुम्ही म्हणायचात, जसं काही त्याच्या शेजारी बसून रंधा मारला होता. मी विचारलं, आपले पणजोबा कोण होते? तुम्ही म्हणालात, "आपला काय, गावाचा नाव, फुडे कर. खलास."

आणि मग ते सागवान. माझ्या अभ्यासाच्या मेजासाठी पलंगाखाली ठेवलेलं. साहेब कायमचा परत निघाला आणि तुम्ही त्यातून त्याला हातभर उंचीचं पिंप करून दिलंत. फळ्या वाकवण्यात शुक्रवारमागून शुक्रवार गेले. मी पलंगावर बसून बघायची. इतकं लक्ष तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकाकडेही कधी दिलं नव्हतंत. पुरं झाल्यावर खाली वर्तमानपत्र अंथरून त्यात पाणी भरलंत. कागद कोरडा राहिला.

तेव्हा आई बोलली. "सायबाक सांगूक नाय तुमी, आपला आडनावपण सुतारच होता म्हणान?"

तुम्ही पिंप पुसत राहिलात. "त्येका शोभता. माका कोणी 'ए सुतार' म्हणान हाक मारूक नको."

पासपोर्ट काढताना तुम्ही जुनं आडनाव टाकून गावाचं लावलं होतंत, हे मला तेव्हा कळलं. मग पणजोबाला सोडून मी साहेबावर जळायला लागले. तो आपल्या धंद्याचं नाव छाती काढून मिरवत होता. ते पिंप आज अमेरिकेत कुणाच्या तरी दिवाणखान्यात असेल, पाहुण्यांना दाखवत असतील, या विचाराने मला अजून राग येतो. आमच्याकडे तुमच्या हातचं काहीच नाही. मेज शेवटी दुकानातून आलं.

परवा माझ्या मुलाने, तोही तुमचंच आडनाव लावतो, विचारलं, "ममा, व्हॉट डझ अवर सरनेम मीन?" गावाचं नाव आहे, म्हटलं. "दॅट्स ऑल?" त्याचा चेहरा पडला. तेव्हा माझाही असाच पडला असणार. मग मी सांगितलं, आपल्यात एक माणूस होता, हत्यारं घेऊन समुद्रापार गेला, त्याच्या हातच्या पिंपातून पाण्याचा थेंब गळत नसे. पोरगं ऐकत राहिलं. आधी वाटलं, साहेबाचा पणजोबा मी चोरतेय. सांगता सांगता कळलं, हे तर तुम्हीच.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. ते जुनं आडनाव मात्र मीही त्याला सांगितलं नाही.