उभ्या गाडीचं तेल

त्सागान खाद, कोळशाचं मैदान
२४ जानेवारी

दादा,

"उभी गाडी तेल कशी काय खाते रे?" शेवटी एवढं बोलून परवा तू पुन्हा फोन ठेवलास. मागून वहिनी म्हणाल्या, "विकून खातो का, ते विचारा ना त्याला!" तेही ऐकू आलं. फोनवर आपलं हे असंच चालणार, म्हणून कागदावर लिहितोय. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही. सहावीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर चालवून घे.

हिवाळा कसा निघतोय? जनावरं तगून आहेत ना? आईचे गुडघे कसे आहेत? इथे उणे एकतीस आहे, वारा वेगळा. मी बरा आहे. रांगेत माझ्यापुढे नेहमी ज्यांची गाडी असते ते दाम्बा काका पांढऱ्या महिन्याच्या, नव्या वर्षाच्या सणाला घरी निघालेत. त्यांच्या हाती पत्र देतोय. चहा पाजल्याशिवाय त्यांना सोडू नकोस. तीन हिवाळे मी त्यांच्या हातचं जेवतोय.

आता तेलाचं.

तू जे दहा हजार किलोमीटर म्हणतोस ते शारवचं बोलणं आहे, मला माहीत आहे. वहिनींचा भाऊ म्हणून नाही म्हणत, पण त्याचं त्याच्या गाडीपुरतं खरं आहे. तो सहा माणसं भरतो, गावातून निघतो, राजधानीत पोचतो, गाडी बंद करून झोपतो. सरळ रस्ता, तापलेलं इंजिन. त्याचं तेल दहा हजार टिकतं. मी त्याला खोटा म्हणत नाही.

माझं बघ. खाणीवर कोळसा भरला की सीमेचं फाटक अडीचशे किलोमीटर. एका दिवसाची वाट. पण फाटकापुढची रांग कधी आठ दिवसांची, कधी एकोणीस. या थंडीत इंजिन बंद केलं तर डिझेल गोठतं, मग टाकीखाली जाळ करत बसा. शिवाय केबिन हेच घर, त्यातच झोपायचं. म्हणून इंजिन चालूच. चाळीस पावलं पुढे, थांब. पुन्हा चाळीस. असं घुटमळत चाललं की इंजिन नीट तापत नाही, आणि न जळलेलं डिझेल खाली तेलात झिरपतं. काट्यावर महिन्याला हजार किलोमीटर चढतात. इंजिन मात्र तेवढ्यात साडेचारशे तास चाललेलं असतं. काटा चाकांना जोडलेला आहे, दादा, इंजिनाला नाही.

तू म्हणतोस उभी आहे म्हणजे विसावली. तुझ्यासारख्या माणसानं हे म्हणावं? शर्यतीच्या आधी तू घोडा बांधून ठेवतोस तो काय विश्रांतीला? नुसता उभा राहून त्याची चरबी उतरते, हे सगळ्या खोऱ्याला तू शिकवलंस. आणि घोडा तयार झाला की नाही हे तू दिवस मोजून कधी सांगितलंस? पट्टीनं त्याचा घाम खरवडायचास, दोन बोटांत चोळायचास. चिकट आणि काळपट असला तर म्हणायचास, अजून नाही. पाण्यासारखा झाला की म्हणायचास, झाला. मी लहान होतो, पण बघत होतो.

इथे आम्ही तेलाचं तसंच करतो. फरक एवढाच की पाण्यासारखं पातळ झालं तर ते वाईट. इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, एक थेंब कागदावर टाकायचा, दुधाच्या चहाचा एक वाडगा संपेपर्यंत थांबायचं. हा कागद उलटा कर. डावीकडचा डाग दाम्बा काकांच्या गाडीचा. तपकिरी आहे आणि कडेपर्यंत सारखा पसरलाय. ते तेल अजून चालेल. उजवीकडचा आपल्या गाडीचा. मध्ये काळा गोळा तसाच बसलाय आणि बाहेर पिवळट ओलं कडं आहे. ते कडं डिझेलचं. वास घेऊन बघ, अजून येत असेल.

ऑक्टोबरमध्ये मी तुला हेच सांगत होतो. तू म्हणालास, "सप्टेंबरात बदललंस ना? दोन हजार तरी झालेत का? पुस्तकात काय लिहिलंय? तू मला शिकवणार?" मी म्हणालो, बरं. दहा हजार तर दहा हजार. मालक तू आहेस.

त्यानंतर नोव्हेंबरात दाम्बा काका एकदा पट्टी बघून म्हणाले, "काय रे जावखा, गाडीला तेल पाजतोस की रस्सा?" मी म्हणालो, "माझ्या भावाला विचारा." महिन्याभरानं पुन्हा म्हणाले. या वेळी हसले नाहीत. "गाडी तुझ्या भावाची असेल, पण खडखडाट तुझ्या पायाखाली होतोय ना?" मी म्हणालो, "त्याला दहा हजार हवेत, मी त्याला दहा हजार देणार." ते म्हणाले, "एवढा हट्ट मी बोकडात पण बघितला नाही," आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

परवा तू विचारलंस, गाडी कुठे आहे, तर मी म्हणालो रांगेत. गाडी रांगेत नाही. तेरा तारखेपासून ती एका मिस्त्र्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

त्या दिवशी दुपारी तेलाच्या दाबाचा काटा खाली आला आणि दिवा लागला. लगेच बंद करायला हवं होतं, एवढं मलाही कळतं. पण फाटक दिसत होतं. मध्ये तीस-पस्तीसच गाड्या होत्या, आणि बंद पडलेल्या गाडीला मागचे ढकलून कडेला काढतात. नंबर गेला म्हणजे पुन्हा शेवटापासून. मी म्हटलं, एवढं तर निघेल. दोनदा पुढे सरकलो. तिसऱ्या वेळी आतून ठोके सुरू झाले, मग एक मोठा आवाज झाला आणि सगळं शांत. मागचा ओरडला, "मेली का रे? मग आमचा रस्ता तरी सोड!"

मिस्त्र्यानं इंजिनाखालचं तेलाचं भांडं उघडलं तर तेलात चमकी तरंगत होती, बेअरिंगची. इंजिनाचा मुख्य दांडासुद्धा ओरखडलाय. त्यानं मला एकच विचारलं, "तेल कधी बदललेलं?" मी सांगितलं. तो हात पुसत बसला.

त्याच्या कामाचे पैसे मी भरतोय. चौदा तारखेपासून दुसऱ्या एका मालकाची गाडी चालवतोय, पगारावर. मिस्त्री म्हणतो दांडा सीमेपलीकडून यायला वेळ लागेल. एप्रिलपर्यंत उभी राहील असं धर.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस कागद बाजूला ठेवला होता. एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्या हेक्यापायी गाडी गेली. मला ते चाललं असतं. काल काका म्हणाले, "लिहिलंस का सगळं?" मी म्हणालो हो. ते म्हणाले, "मग चिकटव." मला चिकटवता येईना.

डिसेंबरच्या सुरुवातीला तू पैसे पाठवलेस. सोबत काही निरोप नाही, काही नाही. पण रक्कम तेलाची आणि फिल्टरची होती, बरोबर मी ऑक्टोबरमध्ये सांगितली होती तेवढी. म्हणजे माझं म्हणणं तुला पटलं होतं. पटलं नसेल तर निदान वाद नको म्हणून दिलेस. तेलाचं दुकान इथून चार शेड सोडून आहे. पैसे घेऊन मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो.

परत आलो. तू तोंडानं म्हणावंस, जावखा, तुझं बरोबर होतं, एवढंच मला हवं होतं. वाटलं, फोन येईल तेव्हा म्हणशील. गाडी बंद पडेपर्यंत तू तीन वेळा फोन केलास आणि तिन्ही वेळा हवामान विचारलंस. मी पण पैशांचं काढलं नाही. प्रत्येक वेळी ठरवलं, आता याला दहा हजार करूनच दाखवतो. त्या तेलावर मी आणखी सहा आठवडे गाडी चालवली. काट्यावर चार हजार तीनशे झाले होते.

परवाच्या त्या फोनवर तू उभ्या गाडीचं जे विचारलंस ते बहुतेक या पैशांमुळेच होतं. मी पुन्हा तेल मागेन असं वाटलं असेल. मी मागत नव्हतो.

या गाडीसाठी तू अकरा घोड्या विकल्यास आणि तो तांबडा घोडा पण, हे मी विसरलेलो नाही. ते इथे कुणाला सांगितलेलंही नाही.

शारव पुढच्या महिन्यात गाडी ताब्यात घ्यायला येतोय, हे काकांच्या बायकोकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस, ते असू दे. तो आला तर मी किल्ली देईन, भांडणार नाही. त्याला फक्त सांग की इथे किलोमीटर बघायचे नाहीत. अडीचशे तास झाले की बदलायचं, थेंब काही म्हणो. मी केबिनच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारायचो, रोजची एक; सोळा-सतरा रेघांत अडीचशे तास भरतात. तसं केलं तर चुकत नाही.

आणि तो नाही आला तर एप्रिलमध्ये गाडी मीच बाहेर काढीन. मला ती चालवायची आहे. घोड्यांच्या मागे फिरणं मला जमत नाही, तुला ते पहिल्यापासून माहीत आहे. पण आता विचारायचा हक्क मला किती आहे ते मला कळत नाही. तू ठरव, आणि काय ठरवलंस ते एकदा मला बोलून सांग. शिवी असली तरी चालेल.

आईला गाडीचं सांगू नकोस. सणाला तिच्यापुढे माझ्या वाटचं वाकून ये.

तुझा धाकटा भाऊ,
जावखा

पत्रासोबत काकांच्या हाती एक पाकीटही देतोय. त्यात तू पाठवलेले तेच पैसे आहेत, तेलाचे आणि फिल्टरचे, त्यातला एकही खर्चलेला नाही: चार लाख वीस हजार तुग्रिक.